गच्चीवरचे व्हॉल्व्ह आणि प्लंबर येईपर्यंतचा वेळ

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागत आहेत. घरोघरी गावी जाण्याची तयारी सुरू आहे आणि नेमक्या याच दिवसांत बंद घरातून पाणी जिन्यावर आल्याच्या तक्रारी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत येऊ लागतात. सकाळी पाणी गेलेले असताना नळ उघडून पाहिला जातो, तो कोरडा निघतो, गाडीची वेळ झालेली असते म्हणून तसाच उघडा राहतो, आणि दुपारी टाकी भरली की बेसिन भरून वाहू लागते. हा झाला निष्काळजीपणाचा प्रकार. पण पाइप फुटणे, कॉक तुटून हातात येणे, मोरी तुंबून सांडपाणी घरात येणे हे प्रकार सावध माणसाच्या घरीही घडतात, आणि अशा वेळी घरातले सगळे जण एकच गोष्ट करतात, ती म्हणजे प्लंबरचा नंबर शोधणे. प्लंबर बोलावलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. मात्र तो दुसऱ्या कामावर असतो, रविवारी तर फोनही उचलत नाही, आणि तो येईपर्यंतच्या तास-दीड तासात जे नुकसान व्हायचे ते होऊन गेलेले असते. एका गृहनिर्माण संस्थेची सचिव म्हणून या विषयाशी वारंवार संबंध आल्यामुळे दोन शब्द लिहीत आहे.

अर्ध्या इंचाच्या तुटलेल्या जोडातून मिनिटाला २० लिटर पाणी येते असे धरले, तरी तासाला १,२०० लिटर होते. गच्चीवरच्या मोठ्या काळ्या टाकीतले सगळे पाणी जणू बैठकीच्या खोलीत ओतले जाते. त्यातही मजल्यामजल्याचा फरक असतो. टाकीतील पाण्याच्या पातळीपासून दर १० मीटर खाली गेले की पाइपातील दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. त्यामुळे बारा मजली इमारतीत वरच्या मजल्यावर जो तुटलेला कॉक नुसता भळभळतो, तोच पहिल्या मजल्यावर समोरच्या भिंतीवर आदळणारा फवारा होतो. दाब वाढवणारा पंप बसवला असेल तर वरच्या मजल्यांचीही यातून सुटका नाही. अशा फवाऱ्यासमोर एम-सील (गळती बुजवण्याचे कणकेसारखे मिश्रण) घेऊन उभे राहणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ते मिश्रण मळून, कोरड्या आणि घासलेल्या पृष्ठभागावर दाबून, घट्ट होईपर्यंत सोडावे लागते. वाहत्या पाण्यावर ते धरत नाही. सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच्या, पाइपाचे जोड चिकटवणाऱ्या सोल्युशनचेही तेच आहे. पाणी बंद झाल्याशिवाय कोणतीही मलमपट्टी चालत नाही, म्हणून पहिला प्रश्न एकच उरतो: पाणी बंद कुठून करायचे?

याचे उत्तर बहुसंख्य रहिवाशांना ठाऊक नसते, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही. फ्लॅटला एकच लाइन येते असा समज असतो. प्रत्यक्षात आपल्याकडच्या इमारतींत स्वयंपाकघराची लाइन वेगळी, न्हाणीघरांची वेगळी, पुष्कळ ठिकाणी फ्लशसाठी बोअरवेलच्या पाण्याची आणखी वेगळी, आणि या सगळ्या गच्चीवरून निरनिराळ्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळ्यांतून, उतरतात. नव्या घरांत प्रत्येक न्हाणीघरात भिंतीतला कॉक असतो. त्याची मूठ बहुधा दाराजवळ किंवा गीझरच्या खाली असते आणि गृहप्रवेशापासून तिला कोणी हात लावलेला नसतो. जुन्या इमारतींत तोही नसतो. मग गच्चीवर जाऊन अख्ख्या लाइनचा, म्हणजे एकाखाली एक असलेल्या सगळ्या घरांचा, व्हॉल्व्ह बंद करणे एवढाच मार्ग राहतो.

आमच्याच एका विंगमधली गोष्ट सांगते. रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीनमागचा अँगल कॉक (भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा छोटा कॉक) फिरवताना तुटला आणि त्याचा आटे (स्क्रूसारखे वेढे) असलेला तुकडा भिंतीत राहिला. गच्चीला कुलूप होते, किल्ली संस्थेच्या कार्यालयात होती आणि कार्यालय बंद होते. किल्ली मिळून वॉचमन वर पोहोचला, तेव्हा समोर गंजलेल्या चाकांची रांग होती. दोन चाकांना कधीकाळी लाल रंग फासलेला होता, पण तो कशासाठी हे सांगणारे कोणी उरले नव्हते. त्याने एक व्हॉल्व्ह बंद केला, खाली फोन करून विचारले, ‘अजून येतंय’ असे उत्तर आले, म्हणून तो पुन्हा उघडला आणि दुसरा बंद केला. असे करत करत अर्धी इमारत कोरडी झाली आणि दुसऱ्या मजल्यावरचा लोंढा चालूच राहिला. शेवटी कळले की पहिला व्हॉल्व्हच बरोबर होता. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही उभ्या पाइपात साठलेले पाणी त्या तुटलेल्या तोंडातूनच बाहेर पडणार; दोन इंची पाइपाच्या ३० मीटर लांबीत जवळपास ६० लिटर पाणी असते. ते रिकामे होण्यासाठी तीन-चार मिनिटे थांबावे लागते, ही साधी बाब कोणाच्या लक्षात आली नाही. (दरम्यान संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या लोंढ्याचे व्हिडिओ मात्र विनाविलंब पोहोचले होते.)

त्यानंतर आम्ही प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधला आणि त्यावर डक्ट, घरांचे क्रमांक व ‘स्वयंपाकघर’ किंवा ‘न्हाणीघर’ असे रंगाने लिहून घेतले. तोच तक्ता लिफ्टशेजारी लावला आणि गच्चीची एक किल्ली वॉचमनच्या टेबलाशी कायम ठेवली. खर्च किरकोळ आला. माझी सर्व संस्थांच्या कार्यकारिणींना विनंती आहे की ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट न पाहता हे काम आत्ताच करून घ्यावे. नव्या इमारतींत विकसकाकडून पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनींचे आराखडे मागून घ्यावेत. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार आवश्यक कागदपत्रे व आराखडे रहिवाशांच्या संघटनेकडे सोपवणे हे विकसकाचे कर्तव्य आहे. गळती झाली की ‘खर्च कोणाचा’ यावर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थांच्या नमुना नियमावलीत, बाहेरच्या सामायिक लाइनींची जबाबदारी संस्थेची आणि घरातल्या संडास, सिंक वगैरेंच्या गळतीची सभासदाची, अशी विभागणी स्पष्ट आहे. तो वाद नंतर निवांत घालता येतो.

व्हॉल्व्ह फिरवण्याविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. आडव्या मुठीचा बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो आणि मूठ पाइपाला काटकोनात आली की तो बंद झाला असे समजावे. चाकाचा जुना पितळी गेट व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बरेच फेरे फिरवावा लागतो, आणि वर्षानुवर्षे न फिरवल्याने तो जाम झालेला असतो. त्याला पाइप पाना लावून जोर केला की आतला दांडा तुटतो; मग चाक नुसतेच गरगर फिरते आणि आतले झडप होते तिथेच राहते. थोडे पुढे, थोडे मागे असे करत सैल करावे, तेलाचे दोन थेंब सोडावेत. वर्षातून दोनदा सगळे व्हॉल्व्ह एकदा बंद-उघड केले, तर ही वेळ सहसा येत नाही.

व्हॉल्व्ह सापडेपर्यंत घरातल्या माणसांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. त्याच लाइनवरचे इतर नळ, विशेषतः खालच्या उंचीवरचे, पूर्ण उघडावेत. पाणी मोरीत जाते आणि तुटलेल्या जागेवरचा जोर कमी होतो. फवारा उडत असेल तर त्या जोडाभोवती जुने लुगडे किंवा पंचा गुंडाळून त्याचे टोक बादलीत सोडावे, म्हणजे पाणी चहूकडे न उडता कापडावरून खाली उतरते. तुटलेले टोक बाहेर असेल तर त्यावर बागेची नळी सरकवून ती न्हाणीघरात नेता येते. खोलीच्या उंबरठ्याशी गोणपाट किंवा चादरीची वळकटी लावावी आणि सुपलीने पाणी बादलीत भरावे. पाणी बंद झाल्यावर पाइपाला बारीक चीर दिसली, तर सायकलची जुनी ट्यूब पट्टीसारखी कापून, ताणून, चिरेच्या अलीकडून पलीकडपर्यंत घट्ट गुंडाळावी आणि वरून तार आवळावी. टेफ्लॉन टेपचे काम आट्यांवर असते, चिरेवर तिचा काही उपयोग नाही. नळ निघून आला असेल पण भिंतीतले आटे शाबूत असतील, तर तिथे अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा प्लग बसवून बाकीच्या घराचे पाणी सुरू करता येते. असे दोन प्लग, एक पाना आणि टेप एवढे सामान प्रत्येक घरात असावे.

विजेच्या बाबतीत मात्र धाडस करू नये. वरच्या घरातून पाणी झिरपत पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून गळू लागले, तर त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) आधी पाडावा, तोही कोरड्या जागी उभे राहून आणि कोरड्या हाताने. पाणी स्विचबोर्डाच्या पेटीपर्यंतच पोहोचले असेल, तर तिला हात न लावता मीटर रूममधून घराचा पुरवठा बंद करून घ्यावा. जिन्यावरून पाणी लिफ्टच्या दाराकडे जात असेल तर लिफ्ट रिकामी करून वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवावी. घरातले पाणी बंद केले की गीझरचे बटणही त्याच वेळी बंद करावे, हे तर हमखास विसरले जाते. गीझरच्या टाकीतले पाणी उतरले आणि कॉइल चालू राहिली, तर ती कोरडी तापून जळते. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याचे तोंड बुजवणारे महाभागही मी पाहिले आहेत. आतला वाढलेला दाब बाहेर पडण्याची ती वाट आहे, ती बुजवणे म्हणजे टाकी फुटण्याला आमंत्रण देणे होय.

तुंबलेल्या सांडपाण्याचा प्रकार याहून वेगळा, आणि त्यात शेजारधर्माचा भाग मोठा आहे. तळमजल्यावरच्या घरात न्हाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालच्या वाटेतून) काळे पाणी वर येऊ लागले, तर ते त्या घराचे नसते; खालचे चेंबर (सांडपाण्याचा जमिनीतला हौद) किंवा उभी लाइन तुंबलेली असते आणि वरच्या मजल्यांवर जो कोणी आंघोळ करील, मशीन लावील, त्याचे पाणी त्या बिचाऱ्याच्या घरात उतरते. अशा वेळी त्या लाइनवरच्या प्रत्येक घरी जाऊन पाणी वापरणे थांबवायला सांगणे, हाच पहिला उपाय आहे. जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी चेंबरजवळ असेल तर पंपही बंद करावा आणि टाकी तपासल्याशिवाय पाणी वर चढवू नये. कमोड तुंबला असताना पुन्हा फ्लश करून पाहण्याचा मोह आवरावा. बेसिन तुंबले तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाची, वाटी हाताने फिरवून काढावी. केस आणि साबणाचा गोळा पुष्कळदा तिथेच सापडतो. अ‍ॅसिड ओतणे शक्यतो टाळावे. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोड्यावर अ‍ॅसिड ओतले तर मिश्रण उसळून अंगावर येते. काही ओतलेच असेल, तर ते काय होते हे आलेल्या प्लंबरला त्याने हात घालण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. संकोचाने गप्प बसणारे ग्राहक त्या माणसाचा हात भाजवतात.

फोनवर प्लंबरला ‘पाणी गळतंय, लवकर या’ एवढेच सांगून भागत नाही. पाइप लोखंडी आहे की सीपीव्हीसी, जोड भिंतीबाहेर आहे की आत, पाणी गरम लाइनचे की थंड, पुरवठा बंद झाला आहे की नाही, हे सांगून तुटलेल्या तुकड्याचा फोटो पाठवला, तर तो येतानाच योग्य सामान घेऊन येतो. नाही तर त्याची अर्धी वेळ हार्डवेअरच्या दुकानात जाते, आणि रविवारी दुकानही उघडे मिळत नाही. भाडेकरू, दिवसभर घरी असणारे ज्येष्ठ नागरिक आणि घरकामाला येणाऱ्या मावशी यांनाही कॉक कुठे आहे हे दाखवून ठेवावे, कारण प्रसंग बहुधा त्यांच्यावरच येतो.

दुरुस्ती झाल्यावर गच्चीवरचा व्हॉल्व्ह एकदम उघडू नये. नवा जोड चिकटवलेला असेल तर प्लंबरने सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, घरातला एक नळ उघडा ठेवावा, व्हॉल्व्ह हळूहळू फिरवावा आणि पाइपातली हवा फुरफुरत निघून जाऊ द्यावी. गीझरचे बटण गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्यावरच लावावे.

कळावे.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव,
डोंबिवली (पूर्व)