पहिल्या कसोटीआधीचे चार दिवस

ठाणे,
दि. ३ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. इंग्लंडची ऑस्ट्रेलियाविरुद्धची पर्थची पहिली कसोटी दुसऱ्याच दिवशी संपल्याचे दुःख तू लेस्टरमध्ये बसून सोसले आहेस, म्हणून वाद घालण्याची ही वेळ नव्हे असे आधी वाटले होते. परंतु मालिकेआधी सराव सामने न खेळल्यामुळे इंग्लंड हरले असे म्हणणाऱ्यांना ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ असे तू ऐकवलेस, ते मला मुळीच पटलेले नाही. आजचा खेळाडू बारा महिने खेळत असतो, प्रत्येक गोलंदाजाची चित्रफीत त्याच्या हाताशी असते, मग एखाद्या दुय्यम संघाशी तीन दिवस खेळून तो नवे काय शिकणार, असा तुझा प्रश्न आहे. या प्रश्नाने कालपासून पिच्छा पुरवला आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

इंग्लंडने एक सामना खेळला होता, हे खरे. पर्थजवळच्या लिलॅक हिल मैदानावर त्यांचा मुख्य संघ इंग्लंड लायन्सशी, म्हणजे आपल्याच राखीव खेळाडूंशी, तीन दिवस खेळला. पण तिथली खेळपट्टी पर्थ स्टेडियमपेक्षा बरीच संथ होती, आणि समोर आपलीच माणसे असल्यावर कोणता वेगवान गोलंदाज आपल्याच सलामीवीराच्या बरगड्यांवर षटकामागून षटके आखूड चेंडू टाकील? उद्या ब्रिस्बेनला दिवस-रात्र कसोटी सुरू होत आहे. त्याआधी कॅनबेराला गुलाबी चेंडूवर दोन दिवसांचा सामना उपलब्ध होता. पर्थला खेळलेल्या अकरा जणांपैकी एकही तिकडे गेला नाही.

तुला मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमधले आपले दिवस आठवतात का? मे महिन्यात शिवाजी पार्कच्या कडक नेटमध्ये आपण दोघे महिनाभर खेळायचो, हात चांगला बसायचा, आणि पावसाळ्यातल्या पहिल्याच सामन्यात ओल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून आला की दोघेही ड्राइव्ह मारायला जाऊन कव्हरला झेल देऊन परतायचो. पुढच्या सामन्यात मात्र आपण थांबायचो. पहिल्या आणि दुसऱ्या सामन्याच्या मधल्या काळात नेटमधला सराव फारसा झालेलाच नसायचा. त्या आठवड्यात फक्त बाद झाल्याचे शल्य मनात घोळत असायचे. नेटमध्ये बाद झालेल्या फलंदाजाला पुढचा चेंडू लगेच मिळतो, त्यामुळे चुकीची किंमत अंगाला लागत नाही. सामन्यात त्याला पॅड सोडून दिवसभर बसावे लागते, आणि त्या बसण्यात पाय पुढे नेण्याऐवजी चेंडूची वाट पाहण्याचे शहाणपण येते. मला सराव सामन्याचे मोल वाटते ते याचसाठी. चूक पुरती भोगायची, पण मालिकेच्या खात्यात ती मांडली जायची नाही, अशी दौऱ्यातली ही एकमेव जागा आहे.

गेल्या महिन्यातलेच उदाहरण बघ. पोटरीच्या दुखापतीमुळे दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार टेम्बा बवुमा पाकिस्तानातली मालिका खेळला नव्हता. भारतातल्या कसोटी मालिकेआधी तो बंगळुरूला दक्षिण आफ्रिका ‘अ’ संघातून भारत ‘अ’ संघाविरुद्ध चार दिवसांचा सामना खेळला. पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला, दुसऱ्या डावात त्याने ५९ धावा केल्या, आणि त्याच्या संघाने ४१७ धावांचे लक्ष्य गाठले. त्यानंतर आठवडाभरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सच्या त्या विचित्र खेळपट्टीवर, जिथे दोन्ही संघांत मिळून दुसऱ्या कोणाचेही अर्धशतक झाले नाही, तिथे तो नाबाद ५५ धावा करून उभा राहिला. १२४ धावांच्या पाठलागात भारत ९३ धावांत गारद झाला. बंगळुरूचे ते शून्य त्याला कोलकात्याला पडले असते तर काय झाले असते, याचा तू जरूर विचार कर.

आणि १९९८ चा फेब्रुवारी तू कसा विसरलास? ब्रेबॉर्नवर मुंबई विरुद्ध ऑस्ट्रेलिया हा सामना आपण नॉर्थ स्टँडमध्ये बसून पाहिला होता. सचिनने नाबाद २०४ धावा केल्या, प्रथम श्रेणीतले ते त्याचे पहिलेच द्विशतक. शेन वॉर्नच्या १६ षटकांत १११ धावा निघाल्या आणि बळी एकही नाही. मुंबई दहा गड्यांनी जिंकली. आपण त्या दिवशी वॉर्न संपला म्हणत घरी आलो. सचिनने मात्र पाहिले ते वेगळेच, की वॉर्नने संपूर्ण डावात राउंड द विकेट (यष्टीच्या दुसऱ्या बाजूने) गोलंदाजी केलीच नाही, म्हणजे तो काहीतरी राखून ठेवत आहे. मग चेन्नईच्या कसोटीआधी सचिनने लेगस्टंपाबाहेरची जागा मुद्दाम खडबडीत करून माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन यांच्याकडून तिथे चेंडू टाकून घेतले. कसोटीच्या पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर बाद केले, पण दुसऱ्या डावात वॉर्न राउंड द विकेट आला तेव्हा त्याची तयारी पूर्ण होती, आणि त्या नाबाद १५५ धावांनी सामना फिरला. प्रतिस्पर्धी काय करतो हे चित्रफितीत दिसते. तो काय करण्याचे टाळतो हे कळण्यासाठी समोरासमोर यावे लागते.

तुझ्या बाजूचे पुरावेही माझ्यापाशी आहेत आणि ते मी लपवणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये सिडनीला गुलाबी चेंडूवरच्या सराव सामन्यात हनुमा विहारी आणि ऋषभ पंत यांनी शतके केली, बुमराने अर्धशतक काढले, आणि आठवडाभरात ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत आटोपला. २०२४ मध्ये इंग्लंड अबू धाबीहून थेट हैदराबादला आले, एकही सराव सामना न खेळता २८ धावांनी जिंकले. मात्र पुढच्या चारही कसोट्या ते हरले, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे. शिवाय ॲडलेडच्या अकरांत पंत नव्हता. सिडनीच्या त्या शतकानंतर तो मेलबर्नला संघात आला आणि ब्रिस्बेनला नाबाद ८९ धावांवर मालिका जिंकून परतला. अजिंक्य रहाणेने सिडनीतल्या ड्रमॉइनला सराव सामन्यात नाबाद ११७ धावा केल्या होत्या. कर्णधारपद अंगावर येऊन पडले तेव्हा मेलबर्नला ११२ धावा करणारा हात त्या मातीवर आधीच बसलेला होता. दौऱ्यावर सोळा-सतरा जण जातात. पहिल्या अकरांना पहिली कसोटी तरी मिळते, पण बाराव्याला आणि चौदाव्याला सराव सामन्याशिवाय बॅट हातात धरायला जागाच राहत नाही.

दुखापतीची तुझी भीती रास्त आहे. २०१८ मध्ये सिडनीच्या सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना पृथ्वी शॉचा घोटा दुखावला आणि तो सगळ्या मालिकेला मुकला. परंतु गेल्या वर्षी पर्थला भारताने बाहेरच्या संघाशी सामना खेळलाच नाही, तरी आपसातल्या सरावात शुभमन गिलचा अंगठा मोडलाच.

यजमानही या बाबतीत निर्मळ नाहीत. २०१२ मध्ये इंग्लंडला मुंबईत आणि अहमदाबादेत तीन सराव सामने मिळाले, पण चांगली फिरकी त्यांच्यासमोर फारशी येऊ दिली नाही. असे अनुभव आल्यावर पाहुण्यांना हे सामने निरुपयोगी वाटू लागले तर नवल नाही. तरी ती मालिका इंग्लंडने २-१ अशी जिंकली! माझे म्हणणे एवढेच, की चार दिवसांचा सामना असावा, अकरास अकरा खेळावेत आणि समोर त्या देशाचा राज्यसंघ पूर्ण ताकदीने उतरावा. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरे या कौंटी संघाविरुद्ध ओव्हलवर दहाव्या क्रमांकाच्या चंदू सरवटे यांनी आणि अकराव्या क्रमांकाच्या शुटे बॅनर्जी यांनी शतके ठोकून शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा जोडल्या, त्या स्थानिक संघाविरुद्धच्या अशाच एका सामन्यात. सरेच्या गोलंदाजांना तो दिवस विसरता आला नसेल. २०१७ मध्ये ब्रेबॉर्नवर सराव सामन्यात श्रेयस अय्यरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद २०२ धावा केल्या, तेव्हा तो कसोटीपासून चार वर्षे दूर होता.

आता एक विनंती. २०२२ च्या जूनमध्ये ग्रेस रोडवर भारत विरुद्ध लेस्टरशर हा सामना तू चारही दिवस पाहिलास. पंत, पुजारा, बुमरा आणि प्रसिद्ध कृष्णा त्यात तुमच्या लेस्टरशरकडून खेळले. पंतने ७६ धावा केल्या आणि पुढच्याच आठवड्यात एजबॅस्टनच्या कसोटीत १४६. इंग्लंडमधला ड्यूक्स चेंडू जुना झाल्यावर तो क्रीजबाहेर उभा राहत होता की आत, आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याने ऑफस्टंपाबाहेरचे चेंडू किती सोडले, हे तुझ्या वहीत नक्की असेल. त्या पानांची नक्कल पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सलामीचा जुना जोडीदार