फोनवर बोलता येतं म्हणजे लाइन चांगली, असं नाही

लष्कर, ग्वाल्हेर
दि. २० ऑगस्ट २००३

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपला अंक इथे दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचतो, त्यामुळे माझं उत्तरही शिळंच असणार. गेल्या आठवड्यात एका वाचकाने लिहिलं होतं, की घरचं टेलिफोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट दर दहा मिनिटांनी तुटतं, दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन मॉडेम (कॉम्प्युटर फोनच्या लाइनला जोडणारे डबे) बदलून झाले आणि आता तिसरा घ्यायचा विचार आहे. त्यांना कृपा करून कळवा, की तिसरा घेऊ नका. दुसरा घेण्याची चूक मीही केली. अडीच हजारांचा तो डबा समोर लुकलुकत बसला आहे आणि मला हसतो आहे असं वाटतं.

मी गाणं शिकवते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता घरीच चार-पाच मुली येतात. कॉम्प्युटरशी माझं नातं जडलं ते थोरल्या मुलामुळे. तो मस्कतला असतो. नातू तिथून बंदिश रेकॉर्ड करून ई-मेलला जोडून पाठवतो, मी ऐकते आणि कुठे समेवर घसरला ते लिहून कळवते. एक मेगाबाइटची फाइल ३३,६०० च्या वेगाने (हे आकडे सेकंदाला किती बिट, याचे) उतरायला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. ९,६०० वर तिलाच पंधरा मिनिटं. जुलैत पाऊस लागला आणि फाइल नव्वद टक्के उतरून तुटायला लागली. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. अंतरा राहू द्या, अस्ताईसुद्धा कानी पडेना. पुन्हा लावलेला प्रत्येक फोन बिलावर वेगळा चढतो, ते दुःख निराळंच.

दुकानातला मुलगा आला. आतला मॉडेम काढून बाहेरचा बसवला आणि पडद्यावर १,१५,२०० असा आकडा दाखवून म्हणाला, देखिए, कितनी स्पीड है. मी भोळेपणाने खूश झाले. पुढे कळलं, की तो आकडा कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यामधल्या हातभर वायरीचा असतो. बाहेरच्या तारेशी त्याचा काही संबंध नाही. तारेवरचा खरा वेग घड्याळाशेजारच्या दोन छोट्या पडद्यांच्या चिन्हावर बाण नेला की दिसतो. आमचा होता १९,२००. संध्याकाळी सर आली की त्याहूनही खाली.

टेलिफोन कार्यालयात तक्रार दिली. तिकडून विचारणा झाली, फोन चालू आहे ना? आवाज येतो ना? हो म्हटल्यावर तक्रार निकाली. इथेच सगळं घोडं अडतं. बोलताना मधला एखादा शब्द खरखरीत बुडाला तरी आपला कान तो मनाने भरून काढतो. मॉडेमला ती सोय नाही. तो पाठवलेला प्रत्येक तुकडा तपासतो आणि जरा बिघडलेला दिसला की तोच पुन्हा मागतो, नव्या विद्यार्थिनीने ‘बाई, पुन्हा म्हणा’ म्हणावं तसा. म्हणून चिन्हावर ३१,२०० दिसत असतानाही काम मुंगीच्या पावलाने चालतं. फारच बिघडलं तर दोन्हीकडचे मॉडेम मध्येच थांबून नव्याने सूर जुळवायला बसतात, आणि तेही जमलं नाही की लाइन सोडून देतात.

मग मी ठरवलं, की यंत्रातलं आपल्याला कळत नाही, पण ऐकायला तर येतं. तानसेनाच्या गावात राहून एवढं यायलाच हवं. (त्याच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चावली की गळा सुधारतो म्हणतात. टेलिफोनच्या तारेला ते लागू नसावं.)

पहिल्यांदा रिसीव्हर उचलून डायल टोन बाजाच्या पेटीशी ताडून पाहिला. तो सेकंदाला ४०० कंपनांचा असतो, म्हणजे पेटीवर मधल्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, आणि सेकंदाला पंचवीसदा हलतो म्हणून गमकेसारखा थरथरतो. तो थरथरणारा टोन वाजत असेपर्यंत मागची घाण कळत नाही. म्हणून एक आकडा दाबायचा. टोन बंद होतो आणि काही सेकंद लाइन गप्प राहते. तेवढ्यात डोळे मिटून ऐकायचं. चांगली लाइन खरोखर गप्प असते. आमच्या लाइनमध्ये तळणीवर पाण्याचा शिंतोडा पडावा तशी तडतड होती, आणि तिच्याखाली बारीक घूं.

हे दोन आवाज निराळे आणि त्यांची कारणंही निराळी. तडतड म्हणजे कुठेतरी सैल किंवा गंजलेला जोड. पावसात वाढते, ऊन पडलं की कमी होते. घूं विजेची. वीज असते पन्नासची, पण फोन तीनशेच्या खालचं फारसं पोहोचवत नाही. त्यामुळे आपल्याला ऐकू येतात ते तिचे वरचे स्वर, साडेतीनशे, साडेचारशे असे. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यातलाच प्रकार, फक्त बेसूर.

घूं का येते, हे आमच्या भाऊजींनी समजावलं. ते तार खात्यातून निवृत्त झाले. टेलिफोनची तार एकेरी नसते, जोडी असते, एकमेकींभोवती पिळलेली. शेजारून विजेची वायर गेली तर तिचा त्रास दोघींना सारखाच होतो, आणि फोनला फक्त दोघींमधला फरक ऐकू येत असल्यामुळे तो त्रास आपोआप पुसला जातो. पण त्यातली एक ओल्या भिंतीला टेकली, किंवा तिचा जोड गंजला, की जोडी फुटते आणि घूं सुरू होते. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारांतली एक उतरली की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. हे इतकं सोपं कुणी आधी सांगितलं असतं, तर अडीच हजार वाचले असते.

पुढचं काम म्हणजे घर की बाहेर, याचा निवाडा. आमचा वाडा जुना. तार गच्चीवरून येते, जिन्याशी पांढऱ्या डबीत उतरते (लाइनमन तिला रोझेट म्हणतात), तिथून एक फाटा वरच्या मजल्यावर धाकट्या सुनेच्या खोलीत आणि दुसरा माझ्या तालमीच्या खोलीत. मी सगळं उपटलं: वरचा फोन, नंबर दाखवणारी डबी, मॉडेम, विजेच्या झटक्यांपासून वाचवतो म्हणून घेतलेला जोड-डबाही. मग एकच साधा फोन जिन्यातल्या डबीला थेट लावला, म्हणजे घरातली सगळी वायर बाजूला पडली. आकडा दाबला आणि ऐकलं. घूं गेली होती. तडतड होती, पण निम्म्यावर आलेली.

म्हणजे आजार दोन होते, एक घरचा आणि एक बाहेरचा. हे कळायला मला तीन आठवडे आणि एक मॉडेम लागला.

घरचा शोधायला एकेक वस्तू परत लावत गेले. वरच्या मजल्याचा फाटा जोडला आणि घूं परत आली. सुनेच्या कपाटामागे वायरीला जोड दिलेला निघाला, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सोलली तर आत तारांची टोकं नुसती हाताने वळून जोडलेली आणि त्यांवर हिरवी पूड, तांब्याच्या लोट्यावर चढते तसली. मागची भिंत न्हाणीघराची, बारमाही ओलसर. शेजारूनच पंपाच्या स्टार्टरची वायर खाली गेलेली. पंप सुरू होताना इंटरनेट तुटतं असं मी दोनदा म्हटलं होतं, तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसत नाही.

फाटा तिथूनच तोडून टाकला. माझ्या खोलीपर्यंत जी पंधरा मीटर चपटी वायर होती, तीही काढली. ती पिळलेली नसते, त्यामुळे आसपासचं सगळं उचलते. बाड्यावरून, म्हणजे इथल्या बाजारातून, साधी पिळाची टेलिफोन वायर आणली आणि ट्यूबलाइटच्या पट्टीपासून वीतभर लांब ठेवून ओढली. वेग २८,८०० झाला. (तारांना हात लावायचा तर कोरड्या हाताने. एरवी त्यांत पन्नासच्या आत व्होल्ट असतात, पण घंटा वाजते तेव्हा सत्तरच्या वर जातात, आणि ती नेमकी तेव्हाच वाजते.)

बाहेरचा आजार माझ्या हातातला नव्हता. पुन्हा १९८ या तक्रारीच्या नंबरवर तक्रार केली. ‘इंटरनेट चालत नाही’ असं या वेळी म्हटलं नाही. म्हटलं, घरातलं सगळं काढून रोझेटवर एकच फोन लावला तरी लाइनमध्ये तडतड आहे, आणि पाऊस पडल्यावर वाढते. चौथ्या दिवशी लाइनमन आला. वयस्क, सायकलवर, कमरेला बोलण्याचा तो चौकोनी यंत्र-फोन. त्याने तो लावून टोन ऐकला आणि म्हणाला, “अम्मा, लाइन तो एकदम साफ है.” मी म्हटलं, “एक अंक दबाइए, फिर सुनिए.” त्याने दाबला. कान लावला. भुवया वर गेल्या. “हाँ, भुनभुना तो रही है.”

गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाला खेटून खांब आहे, त्यावर डीपीची, म्हणजे जिथून लाइनी घरोघरी फुटतात ती, लोखंडी पेटी. शिडी लावून चढला तर पेटीला झाकणच नाही. आत गांधीलमाश्यांनी मातीचं घर केलेलं, स्क्रू हिरवे, एकावर पाण्याचा थेंब लोंबकळत होता. त्याने चाकूने घासलं, मग म्हणाला, ही जोडी गेली, आणि आमची लाइन रिकाम्या दुसऱ्या जोडीवर घेतली. वीस मिनिटांचं काम. झाकण मात्र त्याच्याकडे नव्हतं. दुधाची पिशवी उलटी करून सुतळीने बांधली. ती अजून तिथे आहे.

त्या रात्री पहिल्यांदा ४४,००० दिसला. मॉडेमच्या कमाल वेगाची, छप्पन्न हजारांची, आशा मी धरलेली नाही, कुणी धरू नये. तारेची लांबी आणि वाटेतले जोड तेवढं देत नाहीत. चढवायचा, म्हणजे आपल्याकडून पाठवायचा, वेग तर या मॉडेमांत ३३,६०० च्या वर जातच नाही. उलट लाइन कुरकुरत असेल, तर मॉडेमच्या सेटिंगमध्ये कमाल वेग मुद्दाम खाली बांधून घ्यावा. २६,४०० वर तासभर टिकलेली लाइन ४४,००० वर दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या लाइनपेक्षा जास्त काम करते. दम नसताना द्रुत धरणाऱ्या मुलींना मी हेच सांगते. भाच्याने आणखी एक केलं. सूर हरवल्यावर मॉडेम किती थांबतो, ते एस-१० नावाच्या खात्यात लिहिलेलं असतं, बहुधा दीड सेकंदाच्या आत. ते त्याने पाच सेकंदांवर नेलं. पंप सुरू झाल्याची टकटक आता तेवढ्यात निघून जाते. कॉल वेटिंग असेल तर तेही बंद करून घ्या. तो ‘टुक’ मॉडेमला भूकंपासारखा वाटतो. आणि ढग गडगडायला लागले की वायर भिंतीतून उपटून ठेवा. पलीकडच्या वाड्यातला मॉडेम याच पावसात जळला.

कार्यालयाच्या कानावर आपल्यामार्फत दोन गोष्टी घालायच्या आहेत. तक्रार घेताना ‘आवाज येतो का’ एवढंच न विचारता ‘आकडा दाबल्यावर लाइन गप्प होते का’ हेही विचारावं. इंटरनेटसाठी फोन वापरणाऱ्यांची तक्रार त्याखेरीज कळणारच नाही. दुसरं म्हणजे मेअखेर खांबांवरच्या पेट्यांना झाकणं आहेत का, ते एकदा पाहून घ्यावं. आमच्या गल्लीत मी मोजलं, पाच पेट्यांपैकी दोनच झाकलेल्या आहेत.

ज्या वाचकांनी पत्र लिहिलं, त्यांनी आधी आपल्या वरच्या मजल्यावरचा फोन काढून पाहावा. आमचा अजून काढलेलाच आहे. धाकटी सून रुसली आहे, माहेरी बोलायला तिला दरवेळी खाली माझ्या खोलीत यावं लागतं. नवी वायर टाकायला माणूस रविवारी येतो म्हणाला आहे. तो मागच्याही रविवारी येणार होता.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका