शाल-श्रीफळ पुरे, वेळापत्रकात तास द्या

संपादक महोदय,

शाळांमध्ये ‘कलादिन’ साजरा झाल्याच्या बातम्या फोटोसकट अधूनमधून वाचनात येतात. कुंभारदादांना बोलवायचं, पोरांनी चाकाभोवती कोंडाळं करायचं आणि तासाभराने शाल-श्रीफळ देऊन त्यांची बोळवण करायची. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला तो बुडालाच. (इतक्या शाली घेऊन माणसाने करायचं तरी काय?) मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे आणि राहते कसबा पेठेत, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचं काम चालत आलंय. वर्गात धातूंचा धडा आला की वर्धनीयतेची, म्हणजे ठोकून पत्रा होण्याच्या गुणाची, व्याख्या सगळे घडाघडा म्हणत. पण ‘मग पत्रा हवा तेवढा ठोकत राहिलं तर चालेल का?’ असं विचारलं की सामसूम. एकदा मागच्या बाकावरून तांबट आळीतला एक मुलगा म्हणाला, “नाही बाई, तडकेल. मधेमधे भट्टीत घालावा लागतो.” हे पुस्तकात नव्हतं.

मग वर्गच त्याच्या काकांकडे नेला. ठोकून कडक झालेला पत्रा त्यांनी लालबुंद होईस्तोवर तापवला, पाण्यात बुडवला आणि मुलांच्या हातात दिला. आता तो सहज वाकत होता. पुढे मठारणी. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला खेटून, गोलाकार. या ठोक्यांनी भांड्याला चकाकी येते तसा कणखरपणाही येतो. आमच्या पोरींनी हातोडी हातात घेतली तेव्हा दुसऱ्या फेरीतच ठोके भरकटले. परिघ, समान अंतर, धातूचे गुणधर्म, नक्षी, सगळं एका भांड्यात होतं आणि शाळेपासून चालत पोचण्याच्या अंतरावर.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितली आहे. स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला नेमावं, असंही त्यात आहे. त्याआधीच्या शिक्षण हक्क कायद्यानेही सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तिथे कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे कागदावर काही कमी नाही. कमी आहे ती वेळापत्रकात. परीक्षा जवळ आली की पहिली गदा चित्रकला आणि कार्यानुभवाच्या तासांवर येते, हे कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारा.

एका सत्रासाठी एकच कला घ्यावी. बुरूड आळी जवळ असेल तर बांबूकाम, कुठे तबला, कुठे मातीकाम. आठवड्याला सलग दोन तास, शक्यतो कारागिराच्याच जागेत. विषयशिक्षकाने सोबत बसावं, नाहीतर ती सहलच होते. मानधन दरमहा, ठरल्या तारखेला, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहिलेलं असावं. मात्र या निमित्ताने कलाशिक्षकाची जागा रिकामी ठेवून कारागिरावर भागवण्याची पळवाट कुणी काढू नये. तांबटकाकांना भांडं घडवता येतं, पण पन्नास मुलांच्या वह्या त्यांनी का तपासाव्यात?

शाळा जूनमध्ये भरतात आणि वेळापत्रकं त्याआधीच ठरतात. महापालिकेच्या शिक्षण विभागाने निदान पेठांमधल्या शाळांसाठी एप्रिलातच परिपत्रक काढावं.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कसबा पेठ, पुणे