‘पुण्याला न्या’ म्हणण्याआधी

महोदय,

गेले काही आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांवर बराच राग निघतो आहे. फी फार घेतात, तपासण्या फार सांगतात आणि जरा अवघड काही दिसलं की ‘पुण्याला न्या’ म्हणून मोकळे होतात. फी आणि तपासण्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ते पुन्हा कधीतरी. तिसरी तक्रार मात्र रास्त आहे. मी मिरजेत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते, त्यामुळे ती मला जरा जास्तच झोंबली.

पुण्याला पाठवण्यात नेहमीच टाळाटाळ असते असं नाही. एमआरआय इथे नाही, रक्त चढवायचं तर दाता कुत्रा वेळेवर मिळत नाही. पण बऱ्याचदा अडतं ते यंत्रावाचून नाही. पदवी हातात पडल्यावर आम्हाला पुढचं कोणी शिकवलेलंच नसतं, खरी अडचण ती आहे.

मी नव्वदच्या दशकात शिकले. अडलेली म्हैस, मायांग बाहेर आलेली गाय, पोटफुगी, कासदाह, लाळ-खुरकूत यांत आमचा हात बसला. त्यात काही वावगं नव्हतं, शेतकऱ्याचं पोट त्यावरच होतं. मांजर परीक्षेला यायचं ते एखाद्या टिपेपुरतं. आता मिरज-सांगलीत अपार्टमेंटागणिक पर्शियन मांजर आहे आणि शिकलेलं ज्ञान तिच्यावर जसंच्या तसं चालत नाही.

एक उदाहरण देते, जरा सविस्तर, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. बैलाचा मुतखडा आम्हाला पाठ. खडा मूत्रनलिकेच्या ‘एस’सारख्या वळणावर अडकतो, नळी तिथून पुढे जात नाही, मग शस्त्रक्रिया. बोक्याची लघवी तुंबते तेव्हा सगळंच निराळं असतं. अडवणारा खडा नसून बहुतेकदा वाळू, चिकट बुळबुळीत साका किंवा नुसती सूज असते. घालायची नळी साधारण एक मिलिमीटर जाडीची. बोक्याला गुंगी द्यायची, शिश्न मागच्या दिशेला ताणून धरायचं म्हणजे आतलं वळण सरळ होतं, मग सलाईनचा हलका दाब देत देत नळी सरकवायची. ताण सुटला की नळी वळणावर टेकते, आणि तिथे जोर लावला तर मूत्रनलिका फाटते. पण या सगळ्याच्या आधी रक्तातलं पोटॅशियम बघायचं असतं. लघवी तुंबली की ते चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि बोका लघवीने नाही तर हृदय थांबून मरतो. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून किती आणि किती सावकाश द्यायचं, हे ज्याने कोणाच्या शेजारी उभं राहून एकदा पाहिलंय त्याला जमतं. स्लाइड पाहून जमत नाही. आणि मिरजेहून पुण्यापर्यंतचा रस्ता असा बोका नेहमीच काढतो असं नाही.

दुसरी गोष्ट एफआयपी या मांजरांच्या आजाराची. मांजरांच्या आतड्यात एक कोरोना विषाणू राहतो (कोविडचा नव्हे, मांजरांचा स्वतःचा). बहुतेकींना त्याचा काही त्रास होत नाही, काहींना थोडे जुलाब होतात. थोड्या मांजरांत मात्र तो रूप बदलतो, ताप उतरत नाही, पोटात पिवळं पाणी साचतं; हीच एफआयपी. आमच्या वेळी याच्यापुढे एकच शब्द लिहायचा: असाध्य. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या डॉ. नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-441524 या औषधाचे निष्कर्ष छापले. आपोआप आजार जडलेल्या 31 मांजरांपैकी 25 दीर्घकाळ जगली. 2021 च्या एप्रिलमध्ये आपण ज्या रेमडेसिव्हिरसाठी रांगा लावल्या, ते शरीरात गेल्यावर याच रेणूत उतरतं. सुरुवातीला कोर्स 84 दिवसांचा होता. पोटात पाणी असलेल्या मांजरांना 42 दिवसही पुरू शकतात, असा जर्मनीतला अभ्यास 2024 मध्ये आला. म्हणजे पाच वर्षांत ‘असाध्य’पासून ‘कोर्स निम्मा करता येईल का’ इथवर मजल गेली, आणि आमच्यापैकी कित्येकांच्या कपाटातलं पुस्तक अजून पहिल्याच शब्दावर आहे.

माझ्याकडे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई त्यांचं मांजर घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या गावच्या एका सहकाऱ्यांनी ते कायमचं झोपवायचा सल्ला दिला होता. मी त्यांना दोष देणार नाही, शिकवलं तेच ते बोलले. पोटातलं पाणी काढलं, पिवळंधमक, बोटांत तार धरणारं. टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिली डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब टाकून हलवलं आणि वरून त्या पिवळ्या पाण्याचा थेंब अलगद सोडला. तो विरघळला नाही. लोंबत लोंबत खाली उतरला. याला रिव्हाल्टा चाचणी म्हणतात, खर्च जवळजवळ शून्य. थेंब विरघळला असता तर एफआयपीची शंका बरीच मागे पडली असती. नाही विरघळला म्हणून निदान पक्कं झालं असंही नाही; पोटातला जंतुसंसर्ग किंवा गाठही असू शकते. मग अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचं एकमेकांशी प्रमाण काढून घेतलं, तेही आमच्याच गल्लीतल्या माणसांच्या लॅबमध्ये. मिरजेत माणसांच्या डॉक्टरांना काय तोटा! ते 0.4 च्या खाली आलं आणि आम्ही उपचार सुरू केले.

मांजर वाचलं. पण औषधाचं नाव बाईंना माझ्याआधी कुठल्याशा मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं होतं. या ग्रुपांना हसणारे सहकारी मला माहीत आहेत. मी हसत नाही. आम्ही हात वर केले तेव्हा माहिती त्यांनीच जिवंत ठेवली. फक्त, ग्रुपवरून येणाऱ्या बाटलीवर पुष्कळदा बनवणाऱ्याचं नाव नसतं. शिवाय मांजर बरं होऊ लागलं की त्याचं वजन वाढतं, आणि डोस वजनावर असल्याने दर आठवड्याला नव्याने मोजावा लागतो. तो जुन्याच वजनावर चालू राहिला तर आजार उलटायचा धोका असतो. हे बघायला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरला ते ठाऊक असावं लागतं.

हे मांजरांचंच असं नाही. कुत्र्याला गोचीड ताप म्हटलं की डॉक्सिसायक्लिन, लघवी लाल झाली की बेरेनिलचं इंजेक्शन, ही आमची सवय. पण बॅबेशिया गिब्सोनी नावाचा बारका परजीवी बेरेनिलला पुरता दाद देत नाही. कुत्रं चार दिवस उठतं, मालक पेढे देऊन जातो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पांढऱ्याफटक हिरड्या घेऊन दारात. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिनची जोडी लागते, किंवा क्लिंडामायसिनसह दुसरी औषधं. आणि ओळखायचा तर कानाच्या टोकावरच्या थेंबाची पातळ स्मिअर करून, तेल घालून, मायक्रोस्कोपवर नेटाने बसावं लागतं. मायक्रोस्कोप पुष्कळांकडे आहे, पण त्यावरची धूळही आहे.

मग शिक्षण होतच नाही का? होतं. हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. वक्ते हुशार असतात, पनीर बरं असतं, शेवटच्या स्लाइडवर यजमान कंपनीचं नवं सिरप असतं आणि निघताना प्रमाणपत्र मिळतं. ऑनलाइन व्याख्यानं पुष्कळ आहेत. ती बहुधा इंग्रजीत, आपल्या मध्यरात्री, फी पौंडात नाहीतर डॉलरमध्ये. मी काही ऐकली, उपयोग झाला. पण तासगाव किंवा कवठेमहांकाळला एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या मुलाने ते कसं परवडवायचं?

तासांची सक्ती हा यावरचा सोपा उपाय वाटतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने माणसांच्या डॉक्टरांना नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट तासांची अट घातलेली आहे. ब्रिटनमध्ये पशुवैद्याला वर्षाला 35 तास भरावे लागतात. आमचीही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी होते, तेव्हा तिला तास जोडायला माझी ना नाही. मात्र ते हॉटेलात भरून निघणार असतील तर कागद वाढतील, बोके मरायचे तसेच मरतील. माझी मागणी आहे ती हाताला काम देणाऱ्या शिक्षणाची. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथल्या पशुवैद्यकीय संस्थांत दवाखाने चालतात, रोज केसेस येतात. तिथे जिल्ह्यातल्या दोन-दोन डॉक्टरांना पंधरा दिवस ओपीडीत उभं करा. आम्हाला शिरवळ पुण्याच्या अलीकडेच पडतं, परळ गाठायला रात्रीची महालक्ष्मी आहे. आम्ही येऊ. दवाखाना बंद राहील, त्या दिवसांचं उत्पन्न बुडेल, तरी येऊ. राज्य पशुवैद्यक परिषदेने अशा पंधरा दिवसांना व्याख्यानाच्या तासांपेक्षा जास्त वजन द्यावं, आणि फसलेली केस मांडणाऱ्याला सर्वांत जास्त.

शासकीय सेवेतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना यातून वगळू नये. 2022 मध्ये लम्पीच्या वेळी गोठ्यागोठ्यांत लस टोचत फिरलेली हीच माणसं, आणि संध्याकाळी श्रेणी-1 दवाखान्याच्या दारात कुत्रं घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही तीच भेटतात. यावर कोणीतरी म्हणणारच की कुत्र्या-मांजरांवरचे उपचार हे श्रीमंतांचे चोचले. म्हणणाऱ्याने एक दिवस माझ्या बाकावर येऊन बसावं. तिथे रिक्षावाला असतो, द्राक्षबागेच्या राखणीचं कुत्रं दुचाकीवर पोत्यात गुंडाळून आणणारा गडी असतो, मेंढरांमागून आलेला धनगर असतो. ‘पुण्याला न्या’ हे त्यांना सांगणं म्हणजे ‘घरी न्या’ असंच सांगणं आहे.

मिरज, सांगली, जयसिंगपूरचे आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी दुपारी जमतो. एकेक अडलेली केस मांडतो, मराठीत भांडतो, चहा ज्याच्या दवाखान्यात त्याचा. यातून जे कळलं ते कुठल्या प्रमाणपत्रावर नाही. पण आम्ही सगळे एकाच पाण्यातले मासे, आम्हाला न येणारं आम्ही एकमेकांना कुठून शिकवणार? महिन्याला एक अध्यापक कोणी पाठवला तर जागा शोधायची जबाबदारी आमची. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने मनावर घेतलं तर तीही शोधावी लागणार नाही.

सुरुवात गोचीड तापापासून करावी आणि उन्हाळ्याच्या आत करावी, कारण त्यानंतर आमच्यापैकी कोणालाच दवाखान्यातून मान वर काढता येत नाही. मायक्रोस्कोप मी माझा घेऊन येते, पुसून.

आपली,
एक पशुवैद्य, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे)