सोलकढीचा डाग आणि ड्रायक्लीनिंगची पावती

मा. संपादक,

चवथीला नेसायची माझी पैठणी ड्रायक्लीनिंगहून परत आली ती पदरावरच्या सोलकढीच्या डागासकट. "बाई, मशीनमध्ये निघाला नाही," दुकानदार म्हणाला. निघणार कसा? ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडे धुणे नव्हेच. कपडा पाण्याऐवजी द्रावकात भिजवून घुसळतात. त्यात तेल-तूप विरघळते. सोलकढीतला नारळाचा तेलकटपणा गेला, पण कोकमाचा रंग पाण्यात विरघळणारा, तो जागचा हलला नाही. असे डाग आधी हाताने, डागापुरते काढावे लागतात. डाग कशाचा, हे काउंटरवर कोणी विचारले नाही. (मीही सांगितले नाही, हे कबूल.)

खरी तक्रार पावतीबद्दल आहे. 'रंग गेल्यास जबाबदार नाही' हे तिच्यावर ठळक छापलेले. कपडा कशात धुणार ते मात्र कुठेच नाही. पेट्रोल वॉश की पर्क? पर्क म्हणजे परक्लोरोइथिलीन हे द्रावक. त्याने माणसाला कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम केला. आपल्याकडे निदान नाव तरी पावतीवर छापा.

आणि ते प्लॅस्टिकचे कव्हर! फोंड्याच्या पावसात ते तसेच कपाटात ठेवले की आत दमटपणा कोंडतो, बुरशी धरते. मी ते घरी आल्याआल्या फाडते, साडी दिवसभर पंख्याखाली पसरते आणि मग यजमानांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवते.

– एक गृहिणी, फोंडा