कशाचे दहा टक्के?

सिडको, नाशिक
रविवार सकाळ

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईने मोठ्याने वाचून दाखवला. ‘दर महिन्याला खर्च दहा टक्क्यांनी कमी करणार, पाच महिन्यांत निम्म्यावर!’ आई खूश. मी मात्र चहा बाजूला ठेवून कॅलक्युलेटर काढला. सातपूरच्या कारखान्यात इतकी वर्षं हिशेब लिहिल्यावर ही खोड जात नाही.

दहा पंचे पन्नास पाढ्यात ठीक. तुझा खर्च १८,०००. पहिल्या महिन्यात १,८०० सुटतील, खर्च १६,२००. पुढचे दहा टक्के या १६,२०० चे, म्हणजे १,६२०. असं करत पाचव्या महिन्यात जेमतेम १,१८१ सुटतात आणि खर्च राहतो १०,६२९ च्या आसपास. निम्म्याच्या खाली जायला सातवा महिना लागेल. आम्ही मशीनचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, असाच लिहायचो, उरलेल्या किमतीवर. लाखाची लेथ, दर १५ टक्के. वीस वर्षांनी ती भंगारात निघाली तरी वहीत ३,८७६ रुपये उभेच.

आईला हे पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. मागच्या दिवाळीला मेनरोडवरच्या एका दुकानात पाटी होती, ‘५० टक्के + २० टक्के सूट’. साडी तीन हजारांची. सत्तर टक्के गेले म्हणजे नऊशे, असं धरून तिने पैसे मोजूनच हातात ठेवले होते. बिल आलं १,२०० चं. आधी निम्मी किंमत, मग त्या दीड हजारावर वीस टक्के. सूट झाली साठच टक्के. तोंडी काढायचं तर दोन्ही सुटींची बेरीज कर आणि त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा कर. सत्तर वजा दहा, साठ. आधी वीस आणि मग पन्नास केले तरी उत्तर तेच येतं. आईने गल्ल्यावरच्या माणसाला चांगलं झापलं आणि मी, आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस, छताच्या पंख्याकडे बघत उभा राहिलो. ते तीनशे रुपये अजून माझ्या नावावर आहेत.

पण तुझ्या बेतात मला खरी काळजी वेगळीच वाटते. १८,००० मध्ये ८,००० खोलीचं भाडं आहे ना? घरमालक काही दहा टक्के सोडणार नाही. म्हणजे सगळी काटछाट उरलेल्या दहा हजारांवर: मेस, पेट्रोल, मोबाइल, दाढीकटिंग. पहिल्या महिन्याचे १,८०० त्यातूनच जाणार, म्हणजे तिथे दहा नव्हे, अठरा टक्के. दुसऱ्या महिन्यात ८,२०० मधून १,६२०, जवळपास वीस टक्के. तिसऱ्यात ६,५८० मधून १,४५८, बावीसच्या वर. कागदावर कपात लहान होत जाते आणि ताटात मोठी. तीन महिन्यांत दहा हजारांचे ५,१२२ उरतील, मग खाणार काय? त्यापेक्षा भाडं बाजूला ठेव आणि दहा हजारांचेच दहा टक्के धर: ९,०००, ८,१००, ७,२९०. तिथे थांब. महिन्याला सत्तावीसशे वाचले तरी पुष्कळ झाले.

आणि एकदा कमी केलेलं परत वाढवताना तोच आकडा वापरू नकोस. दहा हजार वीस टक्क्यांनी उतरले की आठ हजार; त्यावर वीस टक्के चढवले तर ९,६००. पूर्ववत यायला पंचवीस लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानात फरसाणाचा पाव किलोचा पुडा दोनशे ग्रॅमचा झालाय, भाव तोच. पुडा वीस टक्क्यांनी घटला, पण भाव पंचवीस टक्क्यांनी चढला की रे! दुकानदाराला म्हटलं तर तो हसला आणि दुसरं गिऱ्हाईक बघायला लागला.

गावाकडून काकाने द्राक्षं पाठवली आहेत. बसने येणाऱ्या शेजारच्या मुलाबरोबर दोन किलो आणि घरचा चिवडा देतोय. आई म्हणते, मेसमधून एक वाटीही कमी करायची नाही. पेट्रोलचं तू बघ.

तुझा,
पप्पा

ता.क. साडी आईने अजून नेसलेली नाही. घडी मोडायला ती बहुधा माझ्या तीनशे रुपयांची वाट बघतेय.