सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासाने माझा कायम वास्तव्याचा व्हिसा मंजूर केल्याचे मी फोनवर कळवले, तेव्हा आपण "बरे झाले" एवढेच म्हणून आंब्याच्या मोहोराकडे विषय वळवलात. आभार मानू देण्याची आपली तयारी नसल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. शिवाय लग्नानंतर परदेशी जाणाऱ्या आपल्या भागातील मुलींच्या घरच्यांनाही या कामात नेमके काय लागते, हे त्यातून कळेल.

माझे यजमान जन्माने अमेरिकी नागरिक असल्यामुळे त्यांनी माझ्यासाठी दाखल केलेल्या आय-१३० अर्जाला (जवळच्या नातेवाइकाला अमेरिकेत बोलावून घेण्याच्या अर्जाला) दरवर्षी ठरावीकच व्हिसा देण्याची मर्यादा नव्हती. वाडीत मात्र भावाने बहिणीसाठी केलेल्या अर्जाची वर्षानुवर्षे वाट पाहणारे घर सर्वांना ठाऊक, त्यामुळे माझेही तसेच होणार असे जो तो सांगत होता. त्या भीतीपोटीच एका एजंटाचा सल्ला घरात शिरला, की मुलीला पर्यटक व्हिसावर धाडा आणि पुढचे कागद तिकडे करा. त्यावर आपण बाबांना एकच प्रश्न विचारलात: खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने प्रवासाचा हेतू विचारला, तर ही काय उत्तर देणार? खोटे सांगून मिळवलेला व्हिसा पुढे कायमचा आड येऊ शकतो, हे आपण समजावलेत आणि एजंटाचा विषय तिथेच संपला.

खरी अडचण जन्मदाखल्याची होती. बाबांनी आमच्या गुहागर तालुक्यातील ग्रामपंचायतीत चौकशी केली, तर नोंद नाही. ती तिथे नसणारच, कारण आपल्याकडील रीतीप्रमाणे आईचे पहिले बाळंतपण माहेरी, दापोली तालुक्यात, घरीच सुईणीच्या हातून झाले होते आणि जन्माची नोंद कायद्याने जन्म झाला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. हे आपल्या ध्यानात आले नसते, तर आम्ही चुकीच्या गावाचा दाखला घेऊन बसलो असतो. आजोळच्या ग्रामपंचायतीतही नोंद नव्हती. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार एक वर्ष उलटलेल्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, म्हणून आधी नोंद नसल्याचा दाखला, मग आदेश आणि त्यानंतर जन्मदाखला, असा क्रम आपण लावून दिलात. उशिरा झालेल्या नोंदीवर नोंदणीची तारीख अलीकडची दिसते आणि तपासणाऱ्याला तिची शंका येते, हे ओळखून शाळा सोडल्याचा दाखला आणि आईचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडण्याचा आग्रहही आपलाच. शाळेतील जनरल रजिस्टर वर्षानुवर्षे हाताळलेल्या माणसाची ही नजर होती.

नातेवाईक राजपत्रातून नाव बदलून घे म्हणून मागे लागले होते. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कायद्यात नाही आणि अर्ज चालू असताना पासपोर्ट एका नावाचा व इतर कागद दुसऱ्या नावाचे ठेवणे शहाणपणाचे नाही, असे आपण सांगितल्यावर मी माहेरचेच नाव ठेवले. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे आपण केलीत आणि प्रत्येकाखाली भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे लिहून सही केलीत. पासपोर्ट कार्यालयाचे पोलीस पडताळणी प्रमाणपत्र विनासायास मिळाले.

बाबांच्या मनातली काळजी मात्र वेगळी होती. परमुलखात काही बिनसले तर मुलीने कोणाकडे पाहायचे, हे ते कोणालाच विचारत नव्हते. एका संध्याकाळी पडवीत बसून आपण त्यांना पतीने पत्नीसाठी द्यायचे आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र ओळीओळीने वाचून दाखवलेत. पतीचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घटस्फोट झाला तरी पतीची आर्थिक जबाबदारी संपत नाही. साधारणपणे पत्नी तिथली नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत ती चालू राहते. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी तिथे पोहोचले, तर कायम वास्तव्याचे कार्ड (ग्रीन कार्ड) सुरुवातीला सशर्त, दोनच वर्षांचे मिळते आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढून घेण्याचा आय-७५१ अर्ज करायचा असतो, हेही आपण सांगितलेत. छळ किंवा घटस्फोट झाल्यास पत्नीला एकटीने अर्ज करण्याची सोय आहे, हे ऐकल्यावर बाबांनी हिशेबाच्या वहीत ते स्वतःच्या अक्षरात टिपून घेतले. माझ्या लेखी आपले सर्वांत मोठे साहाय्य हेच, जरी व्हिसाच्या फाइलमध्ये त्याचा एकही कागद नाही.

मुलाखतीला कोकणकन्येने जाताना आपण बांधून दिलेली ती फाइल सोबत होती. वांद्रे-कुर्ला संकुलात अधिकाऱ्यांनी जन्मनोंद उशिरा का झाली, हे विचारलेच. मी जे घडले ते सांगितले आणि आईचे प्रतिज्ञापत्र पुढे केले.

आपण मानधन घेतले नाहीत आणि झेरॉक्सचे पैसेही परत पाठवलेत, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. खासगी मजकूर काढून फाइलची एक प्रत बाबांकडे ठेवली आहे. आपल्याकडे याच कामासाठी कोणी आले, तर ती जरूर मागवून घ्यावी आणि त्यांना दाखवावी. माझी त्याला संमती आहे.

आपली विद्यार्थिनी